लॅक्रॉसवाल्या कोचबाई आणि त्यांचं घराणं

शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन लेकच्या काठावर एव्हॅन्स्टन म्हणून गाव आहे, नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटी तिथलीच आणि आम्ही तिथून जवळच राहतो. इथली सगळ्यात जास्त जिंकणारी टीम कुठली विचाराल तर फुटबॉल नाही, बास्केटबॉल तर नाहीच नाही, मुलींची लॅक्रॉस टीम. २००५ ते २०२३ मध्ये आठ वेळा नॅशनल चॅम्पियन आणि आठही वेळा हेड कोच एकच बाई, केली अमोंटे हिलर. आईला फोनवर हे कौतुकाने सांगितलं तर ती म्हणे, "अगं पण पोटापाण्याला काय करते ती?" आपल्याकडे कोच म्हणजे शाळेतले पीटीचे सर, त्यामुळे आईचं काही चुकलं नाही.

आधी खेळ काय ते सांगते. काठीच्या टोकाला जाळी, त्यात रबरी बॉल झेलायचा, पळायचं आणि गोलमध्ये मारायचा. एका बाजूला १२ जणी. डोळ्यांवर जाळीचे गॉगल, हेल्मेट सक्तीचं फक्त गोलकीपरला, पुरुषांसारखी धडकाधडकी चालत नाही. सुरुवात भारी असते, दोघी समोरासमोर उभ्या राहून काठ्या एकमेकींना चिकटवतात, मध्ये बॉल दाबलेला, शिट्टी वाजली की हिसका देऊन तो वर उडवायचा आणि बाकीच्या माश्यांसारख्या तुटून पडतात. खेळ मुळात इथल्या मूळ रहिवाशांचा, गोऱ्यांनी नंतर उचलला. आणि हो, २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेट घ्यायचं ठरलं ना ऑक्टोबर २०२३ मध्ये, ते आपल्या मुंबईतच ठरलं, त्याच दिवशी लॅक्रॉस पण मंजूर झालं, पण तेव्हा आपल्यापैकी कोण बघतंय म्हणा.

तर पोटापाण्याचं. १९७२ मध्ये इथे टायटल नाइन नावाचा कायदा आला, सरकारी पैसा घेणाऱ्या कॉलेजने शिक्षणात मुलामुलींत भेदभाव करायचा नाही, त्यात खेळही आले, त्यामुळे कॉलेजांना मुलींच्या टीम उभ्या कराव्या लागल्या आणि टीम आली म्हणजे पगारी कोच आला. मॅच फेब्रुवारी ते मे एवढ्याच, पण काम बारा महिने. उन्हाळाभर शाळकरी मुलींच्या टुर्नामेंट बघत फिरायचं. आधी तर आठवी-नववीतल्या पोरींना कॉलेजं शब्द देऊन टाकायची, शेवटी कोच लोकांनीच रेटा लावला आणि २०१७ मध्ये नियम झाला की अकरावीच्या १ सप्टेंबरपर्यंत मुलीशी भरतीबद्दल बोलायचं नाही, त्यामुळे आता ३१ ऑगस्टच्या रात्री १२ वाजता फोन वाजायला लागतात. शिवाय कितीतरी वर्षं कॉलेजला १२ स्कॉलरशिप आणि टीममध्ये तिसेक मुली, म्हणजे कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला नुसती शाबासकी हे पण कोचनेच ठरवायचं. (आता ते नियम बदललेत.) माझ्या मते खरी परीक्षा इथेच आहे, मैदानावर ओरडणं त्यामानाने सोपं.

केलीने तर शून्यातून सुरू केलं. २००० च्या सुमारास तिला बोलावलं तेव्हा ती पंचविशी नुकतीच ओलांडलेली आणि नॉर्थवेस्टर्नची टीम म्हणजे क्लबवाल्या हौशी मुली. हा खेळ तेव्हा सगळा पूर्व किनाऱ्यावरचा, इकडे मिडवेस्टमध्ये चांगली पोरगी यायला तयार होईना. मग एकदा तिने कॅम्पसवर पळायला निघालेल्या दोन जुळ्या बहिणी बघितल्या आणि सरळ थांबवून विचारलं, खेळता का? त्यांनी आयुष्यात काठी हातात धरली नव्हती! त्या आल्या, शिकल्या, आणि २००५ मध्ये २१ मॅचपैकी २१ जिंकून चॅम्पियन झालेल्या टीममध्ये त्या दोघी होत्या. युनिव्हर्सिटीला नॅशनल टायटल मिळालं ते १९४१ नंतर थेट तेव्हा.

मग पोरी व्हाइट हाऊसला गेल्या आणि प्रेसिडेंट बुशबरोबरच्या फोटोत काही जणींच्या पायात चक्क चपला, त्या पट्टीच्या फ्लिप फ्लॉप! देशभर गहजब. एवढ्या टायटलची बातमी झाली नसेल तेवढी चपलांची झाली. पुढे त्याच चपला लिलावात विकून ब्रेन ट्युमर झालेल्या एका छोट्या मुलीसाठी पैसे उभे केले त्यांनी.

पण मला सगळ्यात आवडतं ते घराणं, गाण्यात असतं तसंच. नॉर्थवेस्टर्नची टीम १९८२ पासून ज्यांनी सांभाळली त्या सिंडी टिमचल. १९९० नंतर त्या मेरीलँड युनिव्हर्सिटीला गेल्या आणि इकडे दोनेक वर्षांत युनिव्हर्सिटीने टीमच गुंडाळली. मेरीलँडला त्यांनी आठ टायटल काढली, त्यातली १९९५ ते २००१ अशी लागोपाठ सात, आणि त्यातल्या पहिल्या दोन टीममध्ये खेळत होती केली! म्हणजे बाईंनी सांभाळलेलं आणि नंतर बंद पडलेलं दुकान त्यांच्याच शिष्येने पुन्हा उघडलं. २०१० च्या फायनलला केली मेरीलँडकडून हरली, तिथली कोच कॅथी रीस, ती पण टिमचलबाईंचीच शिष्या.

बाई तोवर नेव्हीच्या अकॅडमीत गेल्या होत्या, तिथे पण टीम नवी कोरी. २०१७ मध्ये त्या मिडशिपमन, म्हणजे नेव्हीच्या कॅडेट मुलींनी आदल्या वर्षीच्या चॅम्पियन नॉर्थ कॅरोलिनाला १६-१४ हरवून सेमीफायनल गाठली, आणि तिथे बोस्टन कॉलेजकडून १५-१६ असं एका गोलने गेलं. बोस्टनची कोच अकेशिया वॉकर, मेरीलँडला बाईंकडेच शिकलेली. फायनलला परत मेरीलँडची कॅथी रीस, म्हणजे गुरू घरी आणि दोन शिष्या समोरासमोर, जिंकली कॅथी.

आईला हे सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "मग बाईंना वाईट वाटलं असेल का गं?" ते मी कसं सांगणार. शिकागोला कोणी येणार असाल तर मार्च-एप्रिलमध्ये या, मॅच दाखवते, फक्त लेकवरून वारा असा येतो की थर्मल दोन थर घाला, आणि हो, चपला नकोत.