ज्याला बोलावलेच जात नाही, त्याने हरकत घ्यायची कशी?

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली वरिष्ठ न्यायमूर्तींसाठी जी आचारतत्त्वे स्वीकारली, त्यांत एक नियम असा आहे की, ज्या कंपनीचे समभाग न्यायमूर्तींकडे आहेत तिचे प्रकरण त्यांनी चालवू नये; मात्र त्यांनी तसे आधी उघड केले आणि कोणी हरकत घेतली नाही, तर चालवता येते. हा विचार जुना आहे. इंग्लंडमध्ये १८५२ साली लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम यांचा निकाल, खटल्यात पक्षकार असलेल्या कालवा कंपनीचे ते भागधारक होते एवढ्याच कारणाने रद्द झाला. त्यांच्या सचोटीवर कोणाचा संशय नव्हता, तरी तो रद्द झाला, हे मला फार मोलाचे वाटते.

घराच्या जप्तीत मात्र ही व्यवस्था लंगडी पडते. थकलेल्या कर्जापायी तारण मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली बँक आधी साठ दिवसांची नोटीस देते आणि प्रत्यक्ष ताब्यासाठी कलम १४ अन्वये मुंबईत मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे, जिल्ह्यांत बहुधा जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याचे नऊ मुद्द्यांचे प्रतिज्ञापत्र पाहून आदेश होतो. या टप्प्यावर कर्जदाराचे म्हणणे ऐकण्याची तरतूदच नाही. मग आदेश देणाऱ्याचा त्या बँकेशी आर्थिक संबंध असलाच, तर तो सांगायचा कोणाला आणि हरकत घ्यायची कोणी? कर्जदाराला दाद मागता येते ती नंतर, कलम १७ खाली, कर्जवसुली न्यायाधिकरणापुढे. तोवर दाराला सील लागलेले असू शकते.

चार समभागांपायी कोणी दंडाधिकारी आदेश फिरवील, असे मी मानत नाही. पगाराचे खाते नि गृहकर्जही मोजायचे ठरवले, तर प्रकरण हाताळायला कोणी उरणारच नाही. म्हणून प्रत्येक वेळी माघार नको. पण जो संबंध असेल तो आदेशातच लेखी नोंदवावा, म्हणजे कर्जदाराला तो निदान नंतर तरी वाचता येईल.

मला अधिक काळजी वाटते ती दंडाधिकाऱ्याच्या वतीने प्रत्यक्ष ताबा घेणाऱ्या कोर्ट कमिशनरची. एनकेजीएसबी सहकारी बँकेच्या प्रकरणात फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल फिरवून, ताबा घेण्यासाठी वकिलाला कमिशनर नेमता येते, असे ठरवले. कुलूप तोडताना, पंचनामा करताना, घरातल्या सामानाची यादी लिहिताना त्या कुटुंबासमोर न्यायव्यवस्था म्हणून उभा असतो तो हाच माणूस. तो त्याच बँकेच्या पॅनेलवरचा वकील असता कामा नये, आणि तसा तो नाही, हे त्याच्या स्वाक्षरीनिशी नेमणुकीच्या आदेशाला जोडून कर्जदाराच्या हातात पडले पाहिजे, तेही ताब्याच्या तारखेआधी.