खेळाडू नसताना क्रीडाविज्ञान कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याबाहेरच्या बाकावर, कॉलेजातल्या मुलींच्या आयांकडून हा प्रश्न मला नेहमी येतो. ‘तुम्ही काही खेळाडू नाही, मग स्पोर्ट्स सायन्समध्ये एम.एस्सी. कशी केलीत? आमच्या मुलीनं कधी बॅटसुद्धा हातात धरलेली नाही. तिनं हे शिकावं का?’

तिला माणसाच्या शरीराबद्दल कुतूहल असेल तर जरूर शिकावं. या विषयाचा निम्म्याहून अधिक भाग मैदानावर घडतच नाही, तो बसमध्ये, ऑफिसच्या खुर्चीत आणि जेवणानंतरच्या दोन तासांत घडतो.

बसचं उगाच म्हणत नाही. व्यायाम आणि हृदयरोग यांचा संबंध पहिल्यांदा नीट दाखवला तो लंडनच्या दुमजली बसमधल्या माणसांनी. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी तिथल्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली आणि १९५३ साली ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली. गाडी तीच, साहेब तेच, वस्तीही साधारण सारखी. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिन्यानं वर-खाली. कंडक्टरांना हृदयविकार कमी झालेला दिसला, झाला तर उशिरा झाला आणि त्यातून दगावणारे कमी होते. मला मॉरिस आवडतात ते त्यांच्या पुढच्या पावलासाठी. नोकरीला लागतानाच ड्रायव्हर जाडे असतील तर? ही शंका त्यांनी टाळली नाही. कंपनीनं दिलेल्या गणवेशाच्या पँटींची कमरेची मापं काढली, आणि ड्रायव्हरांच्या कमरा खरंच जास्त भरल्या. हे त्यांनी १९५६ साली प्रसिद्धही केलं, आणि पोस्टमन, कारकून, सरकारी नोकर असं करत तोच प्रश्न ते पुढची कित्येक वर्षं तपासत राहिले. आपल्याच निष्कर्षाला अडचणीचा ठरेल असा पुरावा स्वतः शोधायला जायचं, हे मला पदव्युत्तर शिक्षणाचं सार वाटतं. त्यात कुणी शंभर मीटर किती सेकंदांत पळतं याचा कुठे संबंध आला?

मी पुण्यात आहारशास्त्र शिकले आणि नंतर इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात गेले. लफबरो म्हटलं की लोकांना सबॅस्टियन को आणि पॉला रॅडक्लिफ हे धावपटू आठवतात. दोघंही तिथले विद्यार्थी, पण को शिकले अर्थशास्त्र आणि सामाजिक इतिहास, आणि रॅडक्लिफ यांनी केला आधुनिक युरोपचा अभ्यास. म्हणजे तिथे खेळणारे वेगळा विषय शिकतात आणि न खेळणारे खेळाचं विज्ञान शिकतात, असं होऊ शकतं. माझ्या वर्गातही फिजिओथेरपी केलेले, जीवशास्त्र केलेले, एक परिचारिका असे सगळे होते.

तिकडची एम.एस्सी. एका वर्षाची असते, १८० क्रेडिट्सची, आणि त्यातले साधारण ६० एकट्या प्रबंधाचे. वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू होतं आणि बघता बघता संपतं. फी, व्हिसा, राहणं यांचे आकडे दरवर्षी बदलतात, ते इथे लिहून उपयोग नाही.

त्यापेक्षा डग्लस बॅगबद्दल लिहिते. ही एक मोठी, हवाबंद पिशवी. सी. जी. डग्लस यांनी ती १९११ साली वापरात आणली आणि अजून तिला तोड नाही असं मानणारे बरेच आहेत. माणूस ट्रेडमिलवर पळतो, नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि त्याचा उच्छ्वास ठरावीक वेळ या पिशवीत जमा होतो. मग ती हवा मीटरमधून काढून किती लिटर भरली ते बघायचं आणि तिच्यातला ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड मोजायचा. आत घेतलेल्या हवेत ऑक्सिजन २०.९३ टक्के असतो, बाहेर आलेल्या हवेत सोळा-सतराच्या आसपास. मधला फरक शरीरानं वापरला. बाकी बेरीज-वजाबाकी. हल्ली यंत्र हे सगळं आपसूक करून पडद्यावर आलेख काढतं. पण पिशवी हातानं पिळून शेवटचा थेंबभर वारा बाहेर काढताना ‘दम लागणं’ या रोजच्या गोष्टीला आकडा कसा येतो ते जसं कळतं, तसं पडद्याकडे बघून कळत नाही. ए. व्ही. हिल या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९२३ साली शरीराच्या ऑक्सिजन घेण्याच्या कमाल मर्यादेची कल्पना मांडली तीसुद्धा अशीच पिशवी पाठीवर घेऊन, स्वतः पळून. त्याच्या आदल्याच वर्षाचं नोबेल त्यांच्या नावावर होतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आपल्या घरची आहे. १९२४ साली लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केलं आणि तिथे आसनं, प्राणायाम, नौली या क्रियांच्या वेळी शरीरात नेमकं काय होतं ते उपकरणं लावून बघायला सुरुवात केली. पोटातला दाब मोजला, एक्स-रे काढले, निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापले. हिल यांच्यानंतर अवघ्या वर्षभरानं, आणि तेही खंडाळ्याच्या घाटाशी. व्यायामाचं शरीरक्रियाशास्त्र म्हणजे गोऱ्यांचं शास्त्र असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा मला फार वाईट वाटतं. आपण मोजत होतो. पुढे आपण पुरेसं मोजलं नाही, एवढंच.

हे पुरेसं न मोजणं हेच मी शिकायला जाण्याचं खरं कारण होतं. व्यायामाच्या तक्त्यांमध्ये ‘मेट’ नावाचं एकक असतं, म्हणजे एखाद्या हालचालीला शांत बसण्याच्या किती पट ऑक्सिजन लागतो ते. शांत बसलेल्या माणसाला किलोमागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो, हे त्याचं मूळ. हा आकडा चाळिशीतल्या, ७० किलो वजनाच्या एका पुरुषावरून आला असं सांगितलं जातं. २००५ साली साडेसातशेहून अधिक लोकांवर मोजून पाहिलं तर सरासरी २.६ भरली. मग पंचावन्न वर्षांच्या, ४८ किलोच्या, मधुमेह असलेल्या आपल्या मावशीला हा तक्ता कितपत लागू पडणार?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे दोन फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. काटा जे सांगत नाही ते एवढ्याशा पानात आलं. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांवरचं त्यांचं काम तर याहून विचार करायला लावणारं. बाळं जन्मतात सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. मात्र कमी पडतो तो स्नायू. चरबी बरीचशी शाबूत. बारीक दिसणाऱ्या, ‘मला कशाला व्यायाम?’ म्हणणाऱ्या माणसाला शुगर का होते, याचा धागा तिथपर्यंत जातो. स्नायू हे साखर साठवण्याचं मोठं कोठार आहे, आणि ते मुळातच लहान असेल तर ते वापरत राहणं आपल्याला अधिकच गरजेचं.

माझा प्रबंध याच अंगाचा होता. लफबरोपासून लेस्टर जवळ, आणि लेस्टरमध्ये गुजराती वस्ती मोठी. तिथल्या दक्षिण आशियाई वंशाच्या बायकांना एक दिवस जेवणानंतर सलग बसवायचं आणि एक दिवस थोड्या थोड्या वेळानं दोन मिनिटं चालवायचं, आणि बोटाला टोचून रक्तातली साखर बघायची. २०१२ साली मेलबर्नच्या संशोधकांनी १९ जणांवर दर २० मिनिटांनी दोन मिनिटं चालण्याचा असाच प्रयोग केला होता आणि जेवणानंतरची साखर व इन्सुलिन दोन्ही कमी चढलेली त्यांना दिसली होती. माझा अभ्यास विद्यार्थिनीचा, लहानसा, त्यावरून कुणी औषध बदलू नये. पण संमतिपत्र गुजरातीत समजावून सांगताना, ‘बेटा, आम्ही जेवून भांडी घासतो ते चालणं नाही का?’ असं एका गुजराती आजींनी विचारलं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच तक्त्यात नव्हतं. घरकामाला किती ऑक्सिजन लागतो, आपल्या ओट्यापाशी, आपल्या बायकांना, हे मोजायला अजून माणसं हवी आहेत. तुमची मुलगी त्यांतली एक होऊ शकेल.

आता व्यवहाराचं. विद्यापीठांच्या माहितीपत्रकांवर पदकं आणि घामानं चमकणारे खांदे असतात, आणि आपली मुलं आयपीएलच्या संघाबरोबर प्रवास करायची स्वप्नं घेऊन येतात. तशा जागा मोजक्याच असतात. काम आहे ते हृदयविकारानंतरच्या पुनर्वसनात, मधुमेहाच्या दवाखान्यात, शाळांमध्ये, वृद्धांच्या तोल सांभाळण्यात, संशोधनात. ते शोधावं लागतं, आणि पुष्कळदा आपली गरज आधी डॉक्टरांना पटवून द्यावी लागते. मी पुण्यात तेच करते आणि मला ते मनापासून आवडतं.

ही पदवी घेतल्यानं कुणी फिजिओथेरपिस्ट होत नाही, हेही आधीच समजून घ्या. ब्रिटनमध्ये ते नाव लावायला वेगळी नोंदणी लागते. अर्ज करण्यापूर्वी विभागाला पत्र लिहून विचारा, की उपकरणं विद्यार्थ्यांना स्वतः हाताळायला मिळतात का, आणि प्रबंधाचा विषय स्वतः निवडता येतो का. मुलीचा विषय अजून ठरला नसेल तर तिला माझ्याकडे पाठवा. संध्याकाळी सहानंतर मी दवाखान्यात असते.