सहा माणसं, मागे ट्रेलर आणि सिलेवानी घाट : नागपूर ते तामिया

एसयूव्हीला ट्रेलर जोडून घरच्यांसह निघायचं मनात असेल, तर जाहिरातीतला ‘इतके किलो ओढते’ हा आकडा बाजूला ठेवा आणि आधी धरमकाट्यावर, म्हणजे ट्रकचं वजन करतात त्या मोठ्या काट्यावर, जा. आई-बाबा, आम्ही दोघं आणि मुलं असे सहा जण डिसेंबरात सावनेर, सौंसर, छिंदवाडामार्गे मध्य प्रदेशातल्या तामियाला जाऊन आलो. गाडी बहुतेक वेळ मीच चालवली. प्रवास निवांत झाला तो निघण्याआधी केलेल्या वजनांमुळे, म्हणून आधी तेच सांगते.

आमच्या गाडीची ओढण्याची क्षमता १,५०० किलो, ट्रेलर रिकामा ८२० किलो. भरपूर वाव आहे असं वाटतं. पण रिकामा ट्रेलर नेतं कोण? गाद्या, सिलिंडर, बॅटरी, ताडपत्रीचा मांडव, खुर्च्या, शिधा, भांडी हे सगळं चढल्यावर तो काट्यावर १,०८० भरला. तेही पाण्याची टाकी रिकामी ठेवून. टाकी ८० लिटरची, म्हणजे भरली की आणखी ८० किलो.

तरी १,५०० च्या आतच आहे की! खरी ओढाताण ट्रेलरची नसतेच, पुढच्या गाडीची असते. ट्रेलर आपला थोडा भार गाडीच्या मागच्या हुकावर टेकवतो, आणि तो भार गाडीत बसलेल्या माणसासारखाच धरावा लागतो. आमच्या गाडीचं कमाल एकूण वजन २,६०० किलो. सहा माणसं आणि डिकीतलं सामान धरून ती २,४४० भरली. हुकावर ९० आले, झाले २,५३०. उरले फक्त ७०. “गाडी दणकट आहे, मोठाच घ्या,” असं आम्हालाही पुष्कळांनी सांगितलं होतं. १,४५० किलोचा ट्रेलर क्षमतेत बसलाही असता, पण हुकावर १२ टक्के धरले तर १७४ किलो होतात आणि गाडी २,६१४ वर जाते. मग मागची बाजू दबते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हातात राहत नाही. सहा जणांच्या कुटुंबाने ट्रेलर निवडताना हाच हिशेब आधी करावा. दोघंच जाणार असाल तर तीच गाडी बराच मोठा ट्रेलर पेलेल.

कळमन्याकडच्या धरमकाट्यावर तीन वजनं करा. माणसं-सामानासह नुसती गाडी. मग ट्रेलर जोडून, पण फक्त गाडीची चाकं काट्यावर. शेवटी सोडवलेला ट्रेलर. पहिल्या दोन वजनांतला फरक म्हणजे हुकावरचा भार. मोठा काटा पाच-दहा किलो इकडेतिकडे दाखवतो, म्हणून घरी आम्ही वजनाचा साधा काटा सपाट जमिनीवर ठेवला, वर लाकडी ठोकळा, आणि ट्रेलर जमिनीला समांतर ठेवून त्याचं नाक, म्हणजे हुकाला जोडायचं पुढचं टोक, हुकाच्या उंचीला ठोकळ्यावर टेकवलं. टाकी रिकामी असताना ९० किलो, भरल्यावर ५८! टाकी चाकांच्या मागे आहे, ती भरली की मागची बाजू खाली जाते आणि नाक उचलतं. शेपटीकडे जड झालेला ट्रेलर वेगात डुलायला लागतो, आणि एकदा डुलू लागला की आवरणं कठीण. युरोपात हुकावर ट्रेलरच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के भार ठेवतात, अमेरिकेत १० ते १५. आपल्या हुकाची आणि गाडीची मर्यादा पाहूनच ठरवा. आम्ही टाकी रिकामी नेली आणि पाणी तामियाला भरलं.

क्षमतेचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत सापडला नाही तर कंपनीकडून लेखी घ्या. परदेशी व्हिडिओंवर जाऊ नका. फॉर्च्युनरला ऑस्ट्रेलियात ३ टनांहून जास्त क्षमता दिलेली आहे, पण ती तिथल्या टो-बारला (ट्रेलर जोडायच्या मागच्या दांड्याला) आणि स्वतःचे ब्रेक असलेल्या ट्रेलरला. बिनब्रेकच्या ट्रेलरला बऱ्याच देशांत ७५० किलोचीच मर्यादा आहे. आपण ब्रेकवालाच घ्यावा, यात काटकसर नको.

कागदपत्रांत ट्रेलरची वेगळी नोंदणी लागते, त्याचा नंबर त्याच्या बाजूला आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागे लागतो. विमा कंपनीला ट्रेलरबद्दल आधीच सांगा.

जोडल्यावर एक गोष्ट रोज करायची. ट्रेलरच्या नाकाची कुंडी हुकावर बसली की नाकाखालचं छोटं चाक फिरवून ट्रेलर थोडा वर उचलायचा. गाडीचा मागचा भाग सोबत उचलला गेला तर कुंडी पक्की. मग साखळ्या खालून एकमेकींवर तिरप्या, आणि दिवे एकाने मागे उभं राहून बघायचे. हे काम मुलाने अंगावर घेतलं होतं, छान केलं.

सावनेरपर्यंत सरळ रस्ता. बस शेजारून गेली की हवेचा धक्का बसतो, म्हणून ताशी ६० च्या वर गेलेच नाही. ट्रेलर डुलला तर स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. जोरात ब्रेक मारू नका, वेगही वाढवू नका. सौंसरला संत्री घेतली, जामसावळीच्या हनुमानाचं दर्शन घेतलं.

पुढे सिलेवानी घाट. चढताना इंजिनच्या तापमानाचा काटा थोडा वर सरकला, तेव्हा एसी बंद केला आणि रुंद जागा बघून थांबलो. चाकांखाली ठोकळे लावल्याशिवाय कोणालाही खाली उतरू दिलं नाही. मे महिन्याच्या उन्हात मी हा घाट ट्रेलरसह चढणार नाही. परतताना मात्र जास्त सांभाळावं लागलं. ट्रकवाल्यांचा नियम पाळला, ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरलो. ब्रेकवर पाय ठेवून राहायचं नाही. थोडा दाबायचा, वेग कमी झाला की सोडायचा. खाली आल्यावर चाकांजवळ हात नेऊन पाहिला, गाडीची आणि ट्रेलरची सगळी सारखीच कोमट होती आणि जळका वास नव्हता. एकच चाक चटका देत असेल तर तिथेच थांबा.

छिंदवाड्यापुढे परासियाकडे कोळशाचे ट्रक असतात, त्यांना खुशाल पुढे जाऊ द्या. तामियाला मुक्कामाच्या जागी आधी फोन करून वळायला जागा किती आहे ते विचारा, कारण ट्रेलर मागे घेणं सरावाशिवाय जमत नाही. मोकळ्या मैदानात शिका: हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरला की हात जिकडे जातो तिकडे ट्रेलर वळतो. जवळच्या पातालकोटच्या खोल दरीकडे ट्रेलर नेऊ नका. तो तामियालाच सोडून नुसत्या गाडीने जा, आणि सोडताना कुंडीला कुलूप लावा.