रजेत बांधलेली घरं: आमची वाटचाल

आमच्या दुकानाच्या पाटीवर दोन ओळी आहेत. वर 'फौजी कुटुंबांसाठी घरखरेदीचा सल्ला', खाली 'गळती, ओल, वाळवीचा बंदोबस्त'. साताऱ्यात नवा आलेला माणूस पाटी वाचून विचारतो, "ताई, दोन दुकानं आहेत का?" नाहीत, एकच आहे. ते तसं का झालं, ते आज लिहायला घेतलं आहे.

माझे वडील गवंडी. त्यांच्या हाताखाली वाळू चाळत आणि ओळंबा धरत मी मोठी झाले. लग्न झालं ते फौजीशी, आणि आमच्या जिल्ह्यात त्याचं कुणाला नवल नाही. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं; पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. माझ्या सासरी सासरे, दीर, चुलत दीर सगळे पलटणीत. मागे राहिलेल्या बायका बँक, शाळा, दवाखाना, पेरणी सगळं रेटतात. घर घ्यायचं म्हटलं की मात्र "हे रजेवर आले की बघू" यावर गाडी अडते.

रजेचं गणित बाहेरच्यांना कळत नाही. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस कॅज्युअल रजा. ती तुकड्यातुकड्यांनी मिळते, आणि तीही युनिटला सोयीची असेल तेव्हा. त्यातून प्रवास वजा करा, भाचीचं लग्न, गावची जत्रा, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन वजा करा. घर बघायला उरतो एखादा आठवडा. जागा विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. "साहेब, उद्या दुसरी पार्टी टोकन देतेय," हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं आहे की आता ते ऐकलं की मी आधी सातबारा मागते.

सुरुवात शेजारपाजारच्या वहिनींपासून झाली, रेरा, म्हणजे बिल्डर आणि एजंटांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, यायच्या तीनेक वर्षं आधी. तेव्हा पाटी नव्हती, फी नव्हती. "तू गवंड्याची लेक, जरा बघून ये," एवढंच. मी भिंती बघायला जायचे आणि कागद बघून परत यायचे, कारण भिंतीपेक्षा कागदालाच जास्त तडे असायचे. कुणी शेतजमिनीत चुन्याची फक्की मारून पाडलेले गुंठे विकत असे: ना बिनशेती आदेश, ना मंजूर रेखांकन, आणि तुकडेबंदीचा कायदा तर १९४७ चा. कुठे जमीन भोगवटादार वर्ग २ निघायची. ही गोष्ट फौजींना विशेष लागते, कारण माजी सैनिकांना सरकारने दिलेल्या जमिनी बहुधा याच वर्गातल्या. एका फौजीने दुसऱ्या फौजीला विश्वासाने विकली, तरी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तो व्यवहार टिकत नाही.

मग एका वकीलबाईंना सोबत घेतलं. जागेच्या मालकीचा तीस वर्षांचा शोध अहवाल त्या काढतात, जागेवर मी जाते. ही वाटणी आजही तशीच आहे.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो कुलमुखत्यारपत्रात. नवरा सीमेवर आणि दस्त साताऱ्यात. लोकांना वाटतं, नोटरीचा शिक्का मारून कागद कुरिअरने पाठवला की झालं. नोंदणी कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे, दुसऱ्यातर्फे दस्त नोंदणीला दाखल करायचा असेल तर मुखत्यारपत्र तो माणूस जिथे राहतो तिथल्या निबंधकाकडून किंवा दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित झालेलं लागतं. म्हणजे आसामात पोस्टिंग असेल तर आसामातलं कार्यालय गाठायचं. म्हणून आम्ही मसुदा आधीच पाठवून ठेवतो आणि युनिटमधून एका दिवसाची सवड मिळण्याची वाट बघतो. पत्त्याचा घोळ वेगळा. फौजीचा पत्ता 'द्वारा ५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ', म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा नुसता क्रमांक. बँकेतल्या नव्या पोराला तो पत्ताच वाटत नाही. तो माणूस नेमका कुठे आहे हे आम्ही विचारत नाही, आणि फोटो पाठवताना मागे काय दिसतंय ते बघून पाठव, असं वहिनींकडून आधीच निरोप देऊन ठेवतो.

वहिनींच्या एकटीच्या नावावर घर घ्यावं का, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. २०२१ पासून राज्यात बाईच्या नावावरच्या घरखरेदीला मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे. चाळीस लाखांच्या घरावर चाळीस हजार वाचतात. नवऱ्याचं नाव खरेदीदार म्हणून जोडलं की ती जाते. पण आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंडाचं किंवा बँकेचं कर्ज काढायचं असेल तर मालकी कुणाच्या नावावर चालते ते आधी विचारून घ्यायचं, मग सूट मोजायची. सासूबाईंचं मत तिसरंच असतं. त्या वादात आम्ही पडत नाही, चहा घेऊन येतो.

२०१७ च्या मे महिन्यात रेरा पूर्णपणे लागू झाला तेव्हा आमच्यापुढे एक निवड आली. एजंट म्हणून नोंदणी करणं भाग होतं, ती केली. पण बिल्डरकडून दलाली घ्यायची की नाही? आम्ही ठरवलं, नाही. फी फक्त घर घेणाऱ्याकडून, ठरलेली, आणि "हे घर घेऊ नका" असं सांगितलं तरी तेवढीच. पहिली दोन-तीन वर्षं हात आखडून काढली. नवरा पेन्शनीवर आला नव्हता म्हणून निभावलं, हेही खरं. पण त्यामुळेच आज मी कुणालाही निःसंकोच सांगू शकते की पुण्यात घर हवं असेल तर आधी आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशनचं काय चालू आहे ते बघा. १९७८ पासून ती संस्था हेच काम करते, आणि त्यात आम्हाला दमडी मिळत नाही.

आता खालच्या ओळीकडे येते.

फौजीचं घर बहुतेक वेळा दोन तऱ्हेने उभं राहतं. एक, तयार फ्लॅट घेतला आणि कुलूप लावलं. दोन, गावाकडे रजेरजेला थोडं थोडं बांधलं: या रजेत जोतं, पुढच्या रजेत भिंती, प्रमोशन झालं की स्लॅब. दोन्हीकडे घराचा शत्रू एकच, मधला रिकामा काळ.

अर्धवट बांधकामात माल पडून राहतो. रजा संपायला आली म्हणून घाईने शंभर पोती सिमेंट आणून ओटीवर रचलेलं मी किती ठिकाणी पाहिलं आहे! सिमेंट हवेतला ओलावा ओढतं. तीन महिन्यांत त्याची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने उतरते, आणि मध्ये पावसाळा आला तर पोत्याचा धोंडा होतो. आम्ही सांगतो, स्लॅबची तारीख ठरल्याशिवाय सिमेंट आणू नका. आणलंच तर फळ्यांवर रचा, भिंतीपासून फूटभर लांब, दहा पोत्यांपेक्षा उंच नको, वरून ताडपत्री. कॉलमच्या वर मोकळ्या सोडलेल्या सळ्या हे दुसरं दुखणं. पुढच्या रजेपर्यंत त्या पावसात गंजतात, पापुद्रे सुटतात आणि त्यावरच पुढचं काँक्रीट पडतं. सळ्यांना सिमेंटचा दाट घोळ फासून वर प्लास्टिक बांधायला एका माणसाचा अर्धा दिवस लागतो. काँक्रीटच्या आत सळई सुरक्षित असते ती सिमेंटच्या अल्कलीमुळे. बाहेरच्या तुकड्याला तो आधार नाही. सागाच्या चौकटी जमिनीवर आडव्या टाकू नयेत. खाली विटा, मध्ये पट्ट्या, वर सावली, आणि कापलेल्या तोंडांना रंगाचा हात. चौकट एकदा पिळली की सुतारही तिला सरळ करत नाही, दुसरी घ्या म्हणतो.

पाणी मारण्यावरून भांडणं झाली आहेत. जवान स्लॅब टाकून तिसऱ्या दिवशी गाडी पकडतो आणि पाणी मारायची जबाबदारी चुलत्यावर. आज मिळणारं सिमेंट बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं असतं, त्याला निदान दहा दिवस ओलावा हवा, उन्हाळ्यात चौदा. आता आमचा माणूस रोज सकाळ-संध्याकाळ जातो आणि आळी भरल्याचा फोटो वहिनींना पाठवतो. चुलते सुरुवातीला रागावले, आता त्यांच्या मुलाच्या घराचं काम आमच्याकडे आहे.

जिल्ह्याचा भूगोल न कळता हे काम करता येत नाही. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, माण-खटावात पाचशेच्या आसपास. जिल्हा एकच, पण पाटण-जावळीतल्या घराला लागतं ते औषध दहिवडीच्या घराला लागू पडत नाही. पश्चिमेकडे वाऱ्याबरोबर आडवी झड येते. तिथे गच्चीपेक्षा पश्चिमेची भिंत आधी भिजते. म्हणून जाड गिलावा, खिडक्यांवर रुंद सज्जे, परवडत असेल तर त्या बाजूला पत्र्याचा आडोसा. पूर्वेकडे ऊन स्लॅबला तापवतं, रात्री तो गार पडतो, आणि त्या ओढाताणीत बारीक भेगा पडतात. पाऊस कमी, पण जो येतो तो त्या भेगांतून थेट खाली.

वाळवीला बंद घरासारखं दुसरं माहेर नाही. अंधार, ओल, शांतता आणि कपाटातले कागद. (एका सुभेदार साहेबांची सगळी प्रशस्तिपत्रं ट्रंकेसकट गेली होती. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, कागद पत्र्याच्या डब्यात आणि डबा भिंतीपासून लांब.) नवीन बांधकाम असेल तर जोत्याची भर टाकली की फरशीआधी औषध फवारायचं, मानकाप्रमाणे आडव्या पृष्ठभागाला चौरस मीटरला ५ लिटर द्रावण. यातच ठेकेदार वाचवतो, कारण वरून काही दिसत नाही. म्हणून त्या दिवशी आम्ही स्वतः उभे राहतो. जुन्या घरात फरशी आणि भिंतीच्या सांध्यात फूटफूटभर अंतरावर भोकं पाडून औषध सोडायचं आणि भोकं बुजवायची. नुसतं चौकटीवर रॉकेल लावून वाळवी जात नाही. ती चार दिवस वाट बदलते.

कागद आणि भिंत ही दोन कामं एकत्र का आली, ते एका पावसाळ्यात लख्ख कळलं. जानेवारीत रजेवर येऊन एका हवालदारांनी फ्लॅटचा ताबा घेतला. सगळं कोरडं, चकचकीत. कुलूप लावून गेले. जुलैत वहिनी गावाहून सहज डोकावल्या तर छताला पिवळे डाग आणि बाथरूमच्या मागच्या भिंतीला पोपडे. बिल्डरच्या माणसाने फोनवर सांगितलं, "साहेब आले की बघू." साहेब येणार डिसेंबरात, तेव्हा सगळं वाळलेलं. रेरा कायद्यात ताब्यापासून ५ वर्षांपर्यंत बांधकामातला दोष निघाला तर तो विनामूल्य ३० दिवसांत दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. पण दोष लेखी दाखवून द्यावा लागतो. आम्ही तारखेसह फोटो काढले, मुखत्यारपत्र वहिनींच्या नावे होतंच, वकीलबाईंनी पत्र लिहिलं. गच्चीवरचा कोबा उखडून नव्याने झाला, बिल्डरच्या खर्चाने.

त्यानंतर आम्ही 'पावसाळी फेरी' सुरू केली. घर आमच्यातर्फे घेतलेलं असो वा नसो, किल्ली वहिनींकडे किंवा सासरी. मे महिन्यात पन्हळी आणि गच्चीचे पाइप साफ करायचे, जुलैत ओल बघायची, ऑक्टोबरात खिडक्या उघडून घर वाळवायचं आणि ग्रीलला गंज असेल तर घासून रेड ऑक्साइड मारायचं. ओल्या भिंतीला रंग मात्र आम्ही कधीच लावत नाही, दिवाळी असली तरी. गिऱ्हाईक रुसतं. रुसू दे.

या फेरीला आता दोन माणसं आहेत, दोघेही खडकीच्या बॉम्बे इंजिनीअर ग्रुपमधून निवृत्त झालेले सॅपर, म्हणजे लष्करातल्या बांधकामाचे जवान. त्यांना काम शिकवावं लागलं नाही. मलाच त्यांच्याकडून उताराची पट्टी नीट धरायला शिकावं लागलं.

निवृत्तीच्या वेळी येणाऱ्यांशी बोलणं सगळ्यात नाजूक. पंधरा-सतरा वर्षांच्या नोकरीनंतर ग्रॅच्युइटी, कम्युटेशन (पेन्शनचा एकरकमी घेतलेला हिस्सा), फंड असं सगळं एकदम खात्यावर येतं आणि त्याच आठवड्यात गावात चार स्कीमवाले उगवतात. आम्ही म्हणतो, सहा महिने पैसा हलवू नका, तोवर भाड्याने राहा. घर आधीच आहे आणि कुणाला राहायला दिलंय, तर करार लिव्ह अँड लायसन्सचा आणि नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २३ मध्ये फौजीला स्वतःच्या राहण्यासाठी जागा परत मिळवायची वेगळी वाट आहे, पण त्या वाटेने जायची वेळच का आणायची? आणि घरपट्टी भरायच्या आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. २०२० पासून राज्याने माजी सैनिकांना ती माफ केली आहे, दाखला तिथून घ्यावा लागतो. किती जण वर्षानुवर्षं भरत राहिले!

अलीकडे अग्निवीरांचे आईवडील येतात. चार वर्षांनंतर सेवानिधीचे साधारण पावणेबारा लाख मिळणार, त्यावर आजच प्लॉट धरावा का, असं विचारतात. मी नाही म्हणते. पाचव्या वर्षाच्या पगाराची खात्री नसताना बँक कर्जाचा विचार कसा करेल, हे त्यांना कागदावर मांडून दाखवते. काही जण ऐकतात. काही जण पुढच्या गल्लीत जातात, तिथे त्यांना हवं ते उत्तर मिळतं.

सध्या आमच्याकडे पाटणच्या बाजूची तीन घरं अर्धवट उभी आहेत, तिन्ही जोत्यापर्यंत. मे संपायच्या आत सळ्या झाकून घ्यायच्या आहेत, उरलेलं सिमेंट शेजारच्या बांधकामाला देऊन टाकायचं आहे. एका घराचा मालक ऑगस्टात रजेवर येतो म्हणतो, स्लॅब टाकूया. मी त्याला ऑक्टोबरानंतरची रजा माग म्हणून निरोप धाडला आहे. उत्तर अजून आलेलं नाही.