उजवा सिल: दार लटकलं, पण बिजागरी निर्दोष

माझ्या जुन्या गाडीचे सडलेले सिल, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या लांब पोकळ पेट्या, बदलतोय. डाव्या बाजूची नोंद लिहिताना मी मोठ्या तोंडाने म्हणालो होतो की उजवी निम्म्या वेळात उरकेल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गेले चार रविवार एका दारापायी गेले. काल रात्री साडेअकराला ते दार एका बोटाने ढकलून बंद झालं, म्हणून ही नोंद.

कापाकापीचं थोडक्यात सांगतो, कारण ती डाव्यासारखीच झाली. बाहेरचा सिल उघडला तर आत लांबी (पुट्टी), जाळी, पुन्हा लांबी आणि तळाशी ओला चिखल. पाणी निचरायची भोकं कुणीतरी खालून डांबरी थर मारताना बुजवून टाकली होती, त्यामुळे पत्रा आतून बाहेर सडत आला. रंगावर फोड दिसला तेव्हा आतलं काम केव्हाच आटोपलेलं होतं. आतल्या सिलचा खालचा दोन इंचांचा पट्टाही काढावा लागला. स्पॉट वेल्ड (दोन पत्रे जोडणारे ठिपक्यांचे टाके) सोडवायच्या कटरबद्दल माझं मत बदललेलं नाही: दहा-बारा टाक्यांत त्याचे दात जातात. मी आता सरळ ८ मिमीचा ड्रिल बिट बोथट कोनात घासून घेतो आणि वरचाच पत्रा खातो. वेळ लागतो, पण खालची फ्लँज (पत्र्याची दुमडलेली कड) शाबूत राहते.

नवा सिल बसवला, क्लॅम्प लावले, २२ टॅक (वेल्डचे तात्पुरते ठिपके) मारले, आणि उतरवून ठेवलेलं दार चढवलं. इथे माशी शिंकली.

दार मागच्या टोकाला चांगलं ४ मिमी खाली. दारावरची घडीची रेघ मागच्या पॅनलच्या रेघेला भेटेचना. वरच्या मागच्या कोपऱ्यात ५ मिमीची गॅप २ वर आलेली, आणि बंद करताना दाराचं लॅच स्ट्रायकरच्या (चौकटीवरच्या आकड्याच्या) खालच्या कडेवर खर्रकन घासत होतं. आता मागून लटकलेलं जुनं दार बघून तुमच्या मनात पहिलं काय येईल? माझ्याही तेच आलं. बिजागरीच्या पिना झिजल्या असणार.

पहिला रविवार पिना काढण्यात गेला (वरची निघाली, खालची ग्राइंडरने कापावी लागली), दुसरा नव्या पिना आणि बुश बसवण्यात. दार परत चढवलं. ४ मिमी. जसंच्या तसं! खरं तर दाराचं मागचं टोक धरून आधी वर-खाली हलवून पाहिलं असतं तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. पिना झिजलेल्या असल्या की दार उचललं जातं आणि बिजागरीत टक्कन आवाज येतो. माझं दार जुन्या पिनांवरही घट्टच होतं. पण तेव्हा मी निदान आधीच करून मोकळा झालो होतो.

तिसऱ्या रविवारी बिजागऱ्यांचे बोल्ट सैल करून दार वर ढकलून बघितलं. रेघ जुळली, पण वरची गॅप आणखी आवळली. तेव्हा कुठे डोक्यात आलं की दार वाकडं नाहीये, चौकट वाकडी आहे.

चौकट मोजायला टेप कामाचा नाही, कोपऱ्यात तो नीट टेकत नाही. मी दोन लाकडी पट्ट्या एकमेकींवर ठेवून जी-क्लॅम्पने आवळल्या आणि टोकांना एकेक खिळा ठोकला. डाव्या चौकटीत ए पिलरच्या (दाराच्या पुढचा खांब) वरच्या टोकापासून बी पिलरच्या (दाराच्या मागचा) वरच्या टोकापर्यंत ती काठी जमवली, क्लॅम्प पक्का केला आणि तशीच उचलून उजवीकडे नेली. बसलीच नाही. जवळपास ३ मिमीने अडत होती. खाली, सिलच्या उंचीवर, दोन्हीकडे सारखंच माप.

म्हणजे दोन्ही पिलर वरून एकमेकांकडे झुकले होते. आपल्या असल्या गाड्यांना खाली वेगळी चासी नसते, सिल हाच कणा. गाडी पुढे सबफ्रेमखाली आणि मागे अ‍ॅक्सलखाली स्टँडवर, आणि मधला कणा मी कापून काढलेला. मग मधला भाग खाली बसणारच. ए पिलर वरून मागे कलला की त्याच्यावर टांगलेलं दारही त्याच्याबरोबर फिरतं आणि मागचं टोक खाली येतं. लक्षण हुबेहूब झिजलेल्या पिनांचं, म्हणूनच फसलो.

पण डावीकडे असं का झालं नाही? वही उघडली. डाव्या बाजूच्या यादीत तिसरीच ओळ, माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा ओढून: ‘मधला ठोकळा काढायचा नाही.’ फ्लोअरच्या आडव्या मेंबरखाली (तुळईखाली) तेव्हा स्टँड आणि त्यावर लाकडी ठोकळा होता. उजवीकडे आतल्या सिलचं वेल्डिंग करायला पाठीवर सरकताना तो खांद्याला लागत होता. मी तो पायाने बाजूला सारला आणि विसरलो. तो भिंतीशी पडला होता, वर चहाचा कप ठेवलेला.

चौथा रविवार म्हणजे काल. आधी २२ टॅक १ मिमीच्या चकतीने कापले. (स्वस्त चकत्यांवर पैसे वाचवू नका. त्या जाड असतात, कापलेली फट रुंद होते आणि मग भरताना पत्रा जळतो.) मग मेंबरखाली रुंद फळी, तिच्याखाली बॉटल जॅक. दांड्याचा एक छोटा झोका, मग काठी लावून बघायचं. सहाव्या झोक्याला सिलच्या कापलेल्या कडेतून ‘कट्’ असा बारीक आवाज आला आणि फट डोळ्यादेखत केसभर हलली. नवव्याला काठीचे दोन्ही खिळे आपापल्या खुणेवर टेकले. दार चढवलं: रेघ जुळली, गॅप वर ५, खाली ५. मी ते दार सात-आठ वेळा उगाच उघडबंद केलं. घरचे बघून गेले, काही बोलले नाहीत.

जॅकवर भरवसा नको, तो तासा-दोन तासांत हळूच बसतो. म्हणून लगेच तिथे स्टँड सरकवला. दाराच्या चौकटीत आडवी नळी वेल्ड करणार होतो, म्हणजे नंतर ते टाके घासत बसणं आलंच. पण हे लिहिता लिहिता सुचतंय की बिजागरीची आणि स्ट्रायकरची बोल्टची भोकं तयारच आहेत. दोन जाड पट्ट्या त्या भोकांवर कसायच्या आणि मधे टर्नबकल, म्हणजे फिरवून लांबी कमी-जास्त करायचा आट्यांचा दांडा. पिलरला एकही टाका नाही, आणि अर्ध्या आट्यात माप जुळवता येईल. हा ब्रेस (आधार) काढल्याशिवाय दार चढवून बघता येणार नाही ही अडचण आहे, पण काठी आहेच. आज हेच करतो. वेल्डिंगची मिग मशीन बाहेर काढायचीसुद्धा गरज नाही.

नव्या सिलबद्दल: दाबून बनवलेला तुकडा मागून ६ मिमी आखूड आला, आणि घडीची कड मूळ पत्र्यासारखी धारदार नाही, साबणाच्या वडीसारखी गोलसर. विक्रेत्याचं उत्तर, ‘सगळ्यांना असाच बसतो.’ बरं. आखूड जागेला जुन्या सिलच्या वरच्या भागातून पट्टी कापली. तो भाग दाराच्या रबराआड असल्यामुळे ठणठणीत आहे, आणि जाडी आपोआप सारखी मिळते. ही पट्टी बट जोडणीने (कडेला कड भिडवून) बसवली: ०.६ मिमीची तार, मागे तांब्याची पट्टी, एक ठिपका मारला की पुढचा हातभर लांब. एकदाही भोक पडलं नाही. डाव्या बाजूला याच जागी तीन पडली होती.

पुढचा बेत फेंडरच्या खालच्या टोकाचा होता. तो मागे टाकतोय. फेंडरची गॅप दारावरून धरायची, आणि दार खात्रीचं होईपर्यंत फेंडरला हात लावण्यात अर्थ नाही. आधी ब्रेस, मग प्लग वेल्ड (वरच्या पत्र्याच्या भोकांत भरायचे टाके) मधून बाहेरच्या बाजूला, दर चौथं भोक, पत्रा हाताला कोमट लागेपर्यंत थांबून. मग निचऱ्याची भोकं साफ, आणि सगळ्यात शेवटी, रंगानंतर, पोकळीत गंज रोखणारं मेण.

मधल्या ठोकळ्याला लाल रंग मारलाय. अजून ओला आहे.