तीन वर्षांनी लहान

"ताई, तुम्ही तीन वर्षांनी लहान पडताय हो!"

नॅशनल मास्टर्सला, म्हणजे मोठ्या वयाच्यांच्या पोहण्याच्या राष्ट्रीय स्पर्धेला, रिलेची टीम लावताना आमच्या मॅनेजरनी हे म्हटलं आणि मी नुसती बघतच राहिले. मास्टर्समध्ये रिलेचा गट चौघांच्या वयाची बेरीज करून ठरतो, बाकीच्या तिघांची 213 होत होती, माझी 64 धरून 277, आणि 280 झाले असते तर वरचा गट मिळाला असता. म्हणजे 67 वर्षांचं कोणीतरी हवं होतं. बाहेर कुठेही गेलं की "आता या वयात कशाला" हेच ऐकायची सवय झालेली, आणि इथे माझं वय कमी पडत होतं!

शेवटी पोहलो आम्ही खालच्याच गटात. आमच्यातले 74 चे काका, त्यांची 50 मीटर बटरफ्लाय बघायला हवी होती. दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर, पण पाय ब्रेस्टस्ट्रोकचे, बेडकासारखे, कारण मास्टर्समध्ये ते चालतं. ब्लॉकवरून उडी जमत नसेल तर पाण्यात उतरून भिंतीला पाय लावून स्टार्ट घेता येतो, तेही चालतं. कोणीतरी विचार करून केलेत हे नियम, शरीर बदलतं हे धरून, आणि तरी घड्याळ सगळ्यांना तेच.

आमच्या गावच्या तलावावर मात्र ज्येष्ठांची बॅच म्हणजे उथळ बाजूला चालणं. लेन मागितली की म्हणतात, पोरांचं कोचिंग आहे.

तुमच्याकडे साठीनंतर खरंच ट्रेनिंग करायला लेन मिळते का?