दोन तृतीयांश

माइकसमोर उभा राहिलो तेव्हा हातातला कागद घामाने ओलसर झाला होता. शाळेचं सभागृह गच्च भरलेलं, जागा नाही म्हणून लोक भिंतीला टेकून उभे. तिसऱ्या रांगेत आमच्या मराठी मंडळातली एक मैत्रीण बसली होती, मांडीवर झोपलेला मुलगा. मी तिच्या बाजूनेच बोलणार अशी तिची खात्री होती.

मॅसॅच्युसेट्समधल्या या गावात मी १९ वर्षं राहतोय आणि गेली ५ वर्षं गावच्या फायनान्स कमिटीवर आहे. पगार नाही, मानधन नाही. दिवसा नोकरी आणि हिवाळाभर संध्याकाळी टाउन हॉलमध्ये अंदाजपत्रकाची पानं. आपल्याकडे नगरपालिकेचं अंदाजपत्रक नगरसेवक मंजूर करतात, इथे ते गावसभा करते. मतदारयादीत नाव असलेला कुणीही येतो, बोलतो, कार्ड वर करून मत देतो. कमिटीने फक्त शिफारस करायची. पण त्या शिफारशीसाठी सगळ्या गावासमोर उभं राहावं लागतं.

त्या संध्याकाळी प्रश्न सहा शिक्षकांच्या नोकरीचा होता. तूट आली होती आणि एका पालकाने दुरुस्ती मांडली: ही रक्कम स्टॅबिलायझेशन फंडातून, म्हणजे गावाच्या राखीव निधीतून घ्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग ऐंशीच्या घरातले एक आजोबा काठी टेकत माइकपाशी आले. म्हणाले, "बायको गेली, पेन्शन आहे तेवढीच आहे. कर आणखी वाढला तर मला हे घर सोडावं लागेल. पैसे पडून आहेत ना, मग ते वापरा." पुन्हा टाळ्या. शिक्षक वाचतात आणि करही वाढत नाही, म्हणून तरुण आईबाप आणि म्हातारी माणसं, दोघांनाही तोच निधी हवा होता. एरवी ही दोन टोकं गावात एकमेकांसमोर उभी असतात.

तूट कुणाच्या उधळपट्टीने आलेली नव्हती. १९८० साली राज्यातल्या मतदारांनी 'प्रपोझिशन अडीच' नावाचा कायदा आणला. गावाची एकूण करआकारणी वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. नव्या बांधकामाचा कर तेवढा त्यावर धरायचा. जून २०२२ मध्ये देशातली महागाई ९.१ टक्क्यांवर गेली तेव्हाही मर्यादा अडीचचीच होती. कर्मचाऱ्यांचा आरोग्यविमा आणि विशेष गरजा असलेल्या मुलांचं शिक्षण हे खर्च तर अडीच टक्क्यांत बसतच नाहीत, आणि दोन्ही टाळता येत नाहीत. मर्यादा ओलांडायची तर ओव्हरराइड, म्हणजे मतपेटीतून गावाची परवानगी घ्यायची. ती मिळाली की वाढ कायमची मूळ करात मिसळते. हजार डॉलर किमतीमागे ५० सेंट वाढले, तर ६ लाखांच्या घराला वर्षाला ३०० डॉलर जादा. त्या आजोबांना ३०० डॉलर किती मोठे आहेत, ते मला समजत होतं.

तरीही मी दुरुस्तीच्या विरोधात बोललो. कागद बाजूला ठेवला आणि सरळ सांगितलं, "दोन वर्षांपूर्वी अशीच तूट आली होती. तेव्हा आपण फ्री कॅशमधून पगार भागवले. मीही त्या बाजूने हात वर केला होता. माझं चुकलं."

फ्री कॅश म्हणजे मागल्या वर्षी खर्च न झालेले आणि अंदाजापेक्षा जास्त जमा झालेले पैसे. १ जुलैच्या ताळेबंदावरून राज्याचं महसूल खातं तो आकडा प्रमाणित करून देतं, तोवर त्याला हात लावता येत नाही. त्या वर्षी आकडा भरघोस आला आणि आम्ही निश्चिंत झालो. पुढच्या वर्षी शिल्लक आटली. पगार मात्र तिथेच होते, वाढीसकट. आज दिसणाऱ्या खड्ड्याचा मोठा भाग आम्हीच तेव्हा खणलेला.

मग बर्फाचं सांगितलं. २०१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये ११० इंचांहून जास्त बर्फ पडला. रस्ते मोकळे करायला मंजुरीपेक्षा जास्त खर्च करायची कायदा मुभा देतो, पण तो पैसा पुढच्या वर्षी कुठून तरी भरावाच लागतो. शाळेचं छप्पर, आगीचा बंब, कर्ज काढताना आपली पत, हे सगळं राखीव निधीवर टेकलेलं आहे. एकदाच येणारा पैसा एकदाच होणाऱ्या खर्चाला. कर वाढवायचा असेल तर लोकांना उघड विचारावं. निधी हळूहळू पोखरून तो प्रश्न पुढच्या वर्षावर ढकलू नये.

टाळ्या नाहीत. राखीव निधीतून रक्कम काढायला दोन तृतीयांश मतं लागतात. मोजणारे रांगेरांगेतून फिरले. बोटाने प्रत्येक कार्ड टिपत, ओठ हलवत, वहीत आकडा लिहीत. झोपलेल्या मुलाच्या डोक्यावरून मैत्रिणीने कार्ड उंच धरलं होतं. बाजूने बहुमत होतं, पण नऊ मतं कमी पडली. सहा शिक्षकांचा खर्च ओव्हरराइडच्या निकालावर सोडून सभा उठली.

पार्किंगमध्ये मैत्रीण मुलाला सीटवर बांधत होती. "दादा, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," ती म्हणाली. मुलाचे शिक्षक त्या सहांत होते. मी काय बोलणार? तिने दार लावलं आणि ती गेली.

आजोबा अजून फाटकाशी उभे होते. त्यांना म्हटलं, "तुम्ही कर पुढे ढकलायचा अर्ज कधी केलात का?" त्यांनी हे ऐकलंही नव्हतं. ६५ वर्षांवरच्यांना, उत्पन्न मर्यादेत असेल तर, घराचा कर लांबणीवर टाकता येतो. घर विकताना किंवा त्यांच्या माघारी तो व्याजासह फिटतो. इतकी वर्षं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आम्ही कमिटीवाल्यांनीसुद्धा. त्यांनी खिशातून पेन्सिल काढून दिली. सभेच्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं: कलम ४१ए, असेसरचं ऑफिस, पहिला मजला.